बीदरचे ओलीस, आंब्याचे कवी : दासोपंत

बीदरला उदगीर रोडवर बरीदशाही बाग आहे. संध्याकाळी आपल्यापैकी पुष्कळ जण तिथे फिरायला जातात, आम्हीही जातो. बागेच्या मधोमध अली बरीदशहाची कबर आहे. चारी बाजूंनी कमानी मोकळ्या, वर मोठा घुमट, आत वारा खेळतो. मुले लपाछपी खेळतात, आपण बाकावर बसून पेन्शन आणि गुडघेदुखीच्या गोष्टी करतो. पण याच अली बरीदच्या राज्यात एक मराठी मुलगा वसुलीच्या बाकीपोटी ओलीस म्हणून बीदरला ठेवला होता आणि पुढे तो मराठीतला सर्वांत जास्त लिहिणारा कवी झाला, हे आम्हाला स्वतःला नोकरीतून निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हते. शाळेत ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास एवढी नावे कानावर पडली. दासोपंतांचे नाव कोणी घेतले नाही. आंबेजोगाईच्या लोकांनी मात्र ते जपले. बीदरचा माणूस त्यांनी सांभाळला आणि आपण विसरलो, याची थोडी लाज वाटते. म्हणून हे लिहिले.

दासोपंतांचा जन्म शके १४७३, भाद्रपद वद्य अष्टमीचा, म्हणजे इंग्रजी १५५१. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. दिगंबरपंत नारायणपेठ महालाचे देशपांडे. साड्यांसाठी नाव असलेले नारायणपेठ आज यादगीरच्या पलीकडे तेलंगणात आहे, दासोपंतांचे गाव म्हणून त्याकडेच बोट दाखवतात. त्या काळी तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र अशा रेघा नव्हत्या. बहामनी राज्याची पाच शकले झाली होती आणि त्यांतले सर्वांत लहान शकल म्हणजे आपली बीदरची बरीदशाही. दप्तर फारसीत चाले, रयत कानडी, तेलुगू आणि मराठी बोले, आणि गावोगावचा हिशेब देशपांडे-कुलकर्ण्यांच्या हाती असे.

देशपांडे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते, कारण त्यांना ते फक्त आडनाव वाटते. महालातल्या सगळ्या गावांचे वसुलीचे दप्तर ठेवणारा तो अधिकारी. कुठल्या गावाकडून किती येणे, किती आले, किती थकले, हे त्याच्या वहीत. पीक आले तर मान मोठा. पीक बुडाले की वरून सरकार आणि खालून रयत, दोन्हींच्या मध्ये तोच. आम्ही छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली बरीच ग्रामीण शाखांमध्ये. दुष्काळाच्या सालात हेड ऑफिसहून वसुलीचा आकडा मागणारे पत्र येई आणि समोर शेतकरी मान खाली घालून बसलेला असे. त्यामुळे दिगंबरपंतांची अवस्था आम्हाला जरा जास्तच कळते.

तर झाले असे, की महालाचा वसूल थकला. दुष्काळ पडला होता आणि दिगंबरपंतांनी रयतेला पिळले नाही, असे परंपरा सांगते. थकलेली रक्कम लाखांत होती. दिगंबरपंतांना बीदरला बोलावणे आले. बरोबर मुलगा होता. वय सोळाच्या आसपास, नुकतेच लग्न झालेले, दिसायला देखणा, बुद्धीने तल्लख. दरबाराने बापाला सोडले आणि मुलाला ठेवून घेतले. महिन्याची मुदत दिली. मुदतीत पैसा आला नाही तर मुलगा बाटवला जाईल, अशी अट घातली.

इथे आम्ही थोडे थांबतो. ही हकीकत भक्तांनी नंतर लिहिलेल्या चरित्रांतून आपल्यापर्यंत आली आहे. अशा चरित्रांत राजा जितका कठोर तितका देवाचा प्रसाद मोठा, हे ठरलेलेच असते. अली बरीद हा काही निव्वळ दुष्ट माणूस नव्हता. बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालाचे शिंपल्यांचे जडावकाम त्याच्याच काळातले आहे, आणि त्याच्या कबरीवर कोरलेल्या फारसी ओळी पाहिल्या तरी त्याची रसिकता कळते. पण १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत इतर शहांच्या बरोबरीने तो विजयनगरावर चालून गेला होता, राज्य लहान, खर्च मोठा. तिजोरीला पैसा हवाच असणार. वसुलीसाठी घरचे माणूस अडकवून ठेवणे ही त्या काळी सर्रास चालणारी गोष्ट होती, फक्त आपल्याकडेच असे नाही. इंग्रजांचा जुना कवी चॉसर तरुणपणी फ्रान्सच्या लढाईत पकडला गेला आणि १३६० मध्ये इंग्लंडच्या राजाने सोळा पौंड भरले तेव्हा त्याची सुटका झाली. आमची नात इंग्रजी विषय घेऊन बीए करते आहे, तिने हे सांगितले. पुढे तो चॉसरही लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब ठेवायला बसला. म्हणजे दोन्हीकडे कवी, वसूल आणि तारण असा मेळ आहे!

बीदरमधल्या त्या महिन्याबद्दल चरित्रे फार सांगत नाहीत. मुलगा दत्तात्रेयाचा धावा करीत होता, एवढेच. पण आम्हाला तो महिना डोळ्यांसमोर येतो. परका वाडा, परकी भाषा, दिवस मोजणे. बाप पैसा जमवायला बाहेर आहे, पण जमणार नाही हे त्या मुलालाही माहीत आहे, कारण हिशेबाच्या घरात वाढलेला तो. जामीनदार म्हणून सही केलेली माणसे आम्ही बँकेत पाहिली आहेत. कर्ज घेतलेला निवांत असतो, जामीनदाराची झोप उडते. हा मुलगा तर स्वतःच तारण होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दरबारात एक पाडेवार आला. पाडेवार म्हणजे गावकामगार, निरोप नेणारा, महार. नाव सांगितले दत्ताजी, दिगंबरपंतांचा जुना चाकर आहे म्हणाला, सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. मुलगा सुटला. घरी आल्यावर दिगंबरपंत म्हणाले, मी तर कुणाला पाठवलेच नाही.

ही गोष्ट वाचताना तुम्हाला दामाजीपंत आठवले असतील. मंगळवेढ्याचे दामाजी, दुष्काळात सरकारी कोठारे उघडली, आणि बीदरच्याच बादशहाकडे विठू महार होऊन पांडुरंगाने पैसे भरले. दोन्ही गोष्टींचा साचा एक, दरबार एक, शहरही एकच. कोणी म्हणेल एकावरून दुसरी रचली. असेलही. पण बीदरच्या तिजोरीसमोर उभे राहिलेल्या मराठी कारकुनांच्या घरांत शंभर-दीडशे वर्षे हीच भीती आणि हीच आशा होती, हे या दोन गोष्टींवरून दिसते. आणि दोन्ही वेळा देव राजाचे, शेटसावकाराचे किंवा भटजीचे रूप घेऊन आला नाही, गावकुसाबाहेरच्या माणसाचे घेऊन आला. ज्यांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली त्यांनी रोजच्या व्यवहारात त्या माणसाला दारात उभे केले नाही, हेही तितकेच खरे.

सुटून आलेला मुलगा घरात रमला नाही. ज्याने आपल्याला सोडवले तो कोण, याचा शोध घ्यायचा म्हणून एके दिवशी कोणाला न सांगता निघून गेला. वाटेतल्या मुक्कामांत आपल्या हुमनाबादजवळच्या डाकुळगीचे नाव सांगतात. तिथून नांदेड आणि पुढे मातापूर, म्हणजे माहूर. माहूर दत्ताचे आणि रेणुकेचे ठाणे. तिथल्या डोंगरात बारा वर्षे तप केले. मग गोदावरीकाठी राक्षसभुवनला आले आणि तिथे दत्तदर्शन होऊन पादुका मिळाल्या, अशी श्रद्धा आहे.

या बारा वर्षांत मागे राहिलेल्या बायकोचे काय झाले असेल, याचा विचार चरित्रकारांनी फार केलेला नाही. एवढे सांगतात की मुलगा आता हयात नाही असे धरून घरच्यांनी सुनेला विधवेची दीक्षा द्यायचे ठरवले होते आणि नेमके त्या वेळी नदीकाठी सगळ्यांची गाठ पडली. आमच्या सौभाग्यवतींनी हे वाचून एवढेच म्हटले की बारा वर्षांत एक निरोप पाठवायला काय झाले होते. याला उत्तर आमच्याकडे नाही. मात्र दासोपंतांनी पुढे संन्यास घेतला नाही. आईवडील, पत्नी यांना घेऊन ते आंबेजोगाईला स्थायिक झाले आणि उरलेले आयुष्य प्रपंचातच काढले.

आंबेजोगाई, निजामाच्या कागदांतले मोमिनाबाद, जुने लोक नुसते आंबे म्हणतात. योगेश्वरीचे गाव. मराठीचे आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी तिथेच. दासोपंत तिथे बसले आणि लिहू लागले.

किती लिहिले? आकडा आम्ही दोनदा तपासला. ‘गीतार्णव’ ही त्यांची गीतेवरची टीका सव्वा लाख ओव्यांची सांगतात. ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजार ओव्यांची. म्हणजे चौदा पट. महाभारताला लक्षश्लोकी म्हणतात, त्याहूनही हा आकडा मोठा. तीस वर्षे रोज लिहिले असे धरले तरी दिवसाला अकरा-बारा ओव्या पडतात, सणवार, आजारपण, पाहुणे काही न वगळता. आणि हा एकच ग्रंथ. शिवाय गीतेवरच दुसरी आटोपशीर टीका ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’, ‘पदार्णव’ नावाने ओळखला जाणारा पदांचा मोठा साठा, दत्ताच्या सोळा अवतारांचे वर्णन, संस्कृत स्तोत्रे वेगळी. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आठवण आंब्यात सांगतात. आम्हाला ही आठवण फार आवडते. चमत्काराच्या शंभर गोष्टींपेक्षा शाईचा हा रोजचा खर्च माणसाबद्दल जास्त सांगतो.

एवढे लिहिण्यामागे काय असेल? आमचा आपला एक समज आहे. ज्याची बाकी दुसऱ्याने भरली आणि वसुलीला कधी आलाच नाही, त्याला ती बाकी आयुष्यभर टोचत राहते. दासोपंतांनी रोज थोडी थोडी फेडली. विद्वानांना हे पटेल न पटेल, बँकेतल्या माणसाला असेच सुचणार.

इतके लिहिणाऱ्याचे सगळेच उत्तम असते असे नाही. गीतार्णवात पाल्हाळ पुष्कळ आहे. एका श्लोकावर शेकडो ओव्या, मध्येच दुसरा विषय, मग तिसरा. ज्ञानेश्वरीतला वेचक गोडवा इथे शोधू नये. पण मध्येच एखादी जागा अशी येते की आपण थबकतो. एका ठिकाणी दासोपंत मराठीला कमी लेखणाऱ्यांना उत्तर देतात. संस्कृतात घट असा एक शब्द, म्हणतात, पण आमच्या मराठीत त्याचे प्रकार किती! आणि मग ते कुंभाराच्या आव्यातली भांडी एकेक करून नावानिशी मांडत जातात, डेरा, रांजण आणि अशी कितीतरी, त्यांतली काही नावे आता आपल्याला कळतही नाहीत. एवढ्या सगळ्यांसाठी एकट्या घटाने कसे भागेल, असा त्यांचा सवाल. हे वाचून आम्ही घरातच शब्द मोजायला बसलो. घागर, कळशी, मडके, माठ, बिंदगी, तपेली, आणि शेजारच्या अक्का म्हणतात तो कोड. नातवाला यांतले दोन माहीत होते, बाकी सगळे त्याच्या लेखी ‘पॉट’.

आपल्या भागातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दासोपंतांनी पदे फक्त मराठीत लिहिली नाहीत. संस्कृत, हिंदुस्तानी, तेलुगू आणि कानडी या भाषांतही त्यांची पदे आहेत. नारायणपेठ-बीदरच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे अवघड नव्हते. आपणही दुकानात कानडी, घरात मराठी, बसस्टँडवर दखनी बोलतोच की. पदांवर रागांची नावे घातलेली आहेत, यावरून त्यांना गाण्याचे चांगले अंग होते हे दिसते.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध वस्तूकडे येऊ. वस्तू म्हणतो, कारण ती पोथी नाही. ती पासोडी आहे, अंगावर घ्यायचे जाड कापड. लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी सुमारे चार फूट. या कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हे प्रकरण शाईने लिहून काढले आहे, सुमारे सोळाशे ओव्या. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूते एकमेकांत कशी मिसळली आणि त्यांतून देह व जग कसे झाले, हा वेदान्ताचा विषय. कागद असताना कापड का घेतले, याची उत्तरे लोक निरनिराळी देतात. आम्हाला वाटते, पसरून सगळ्यांना एकदम दिसावे आणि शिकवावे यासाठी हे सोयीचे, जसा शाळेत भिंतीवर तक्ता टांगतात.

चाळीस फूट म्हणजे किती हे नातवाला समजेना. तेव्हा सौभाग्यवतींनी गच्चीवर दोन सहावारी साड्या टोकाला टोक लावून पसरल्या. रुंदी बरोबर तेवढीच भरली, लांबी तरी चार फूट कमी पडली. नातू साडीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटाने ओळी ओढत. अर्ध्यावर थकला आणि म्हणाला, हे आजोबा पाठ दुखवून घेत असतील. आम्हीही तेच म्हणतो. वाकून, सुती कापडावर शाई पसरू न देता, एवढे अक्षर लिहायचे म्हणजे खेळ नव्हे.

पैठणचे एकनाथ महाराज हे दासोपंतांचे समकालीन, वयाने अठरा-एकोणीस वर्षांनी मोठे. दोघेही देशस्थ गृहस्थ, दोघांच्या घरी दत्ताची उपासना. दासोपंतांचा थाट मोठा असे, एकनाथांचे राहणे साधे. दासोपंत पैठणला गेले तेव्हा एकनाथांच्या दाराशी चोपदार म्हणून प्रत्यक्ष दत्त उभे दिसले आणि त्यांचा ताठा उतरला, अशी कथा आहे. ही कथा एकनाथांच्या बाजूने सांगितलेली आहे हे उघड आहे. तरी दासोपंतांच्या परंपरेनेही ती टाकून दिली नाही, हे आम्हाला विशेष वाटते. त्या काळातल्या पाच संतकवींचे जे पंचायतन मानतात, त्यात हे दोघेही येतात.

शके १५३७, माघ वद्य षष्ठीला दासोपंतांनी आंबेजोगाईला देह ठेवला. पुस्तकांत वर्ष १६१५ छापतात, पण माघ महिना म्हणजे इंग्रजी हिशेबाने १६१६ उजाडले होते. जुन्या नोकरीची सवय, तारखेत चूक दिसली की राहवत नाही. वय चौसष्ट. पुढे तीनच वर्षांत, १६१९ मध्ये, विजापूरच्या आदिलशहाने बीदर घेतले आणि ज्या दरबाराने त्यांना ओलीस ठेवले होते तो दरबारच संपला.

त्यांच्या वंशजांची आंब्यात दोन घरे झाली, थोरले देवघर आणि धाकटे देवघर. पोथ्या देवांबरोबर पूजेत राहिल्या. त्यामुळे त्या वाचल्या, आणि त्यामुळेच तीनशे वर्षे फार कोणी वाचल्या नाहीत. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष वेधले तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हा खजिना कळला. पुढे न. शे. पोहनेरकरांनी पासोडी संपादून छापली. सगळे साहित्य मात्र अजून छापून झालेले नाही.

मागच्या माघात आम्ही दोघे उदगीर-लातूरमार्गे आंबेजोगाईला जाऊन आलो. जाताना गाडी बरीदशाही बागेवरूनच गेली. समाधी शांत जागी आहे, गावापासून फार लांब नाही. योगेश्वरी आणि मुकुंदराज दोन्ही एका दिवसात होतात, पण मुकुंदराजाच्या पायऱ्या उतरताना गुडघेवाल्यांनी काठी घ्यावी.

परत आल्यावर आपल्या मंडळातल्या एका निवृत्त कन्नड शिक्षिकेला आम्ही त्या कानडी पदांबद्दल सांगितले. देवनागरीत लिहिलेले चारशे वर्षांपूर्वीचे कानडी वाचायला दोन्ही भाषा घरच्या असलेला माणूस लागतो. पुण्या-मुंबईत तो मिळणे कठीण, बीदर-गुलबर्ग्यात गल्लीगल्लीत आहे. बाई म्हणाल्या, छापील प्रत मिळवून द्या, मी बसते. प्रत शोधतो आहोत. कोणा सभासदाच्या घरी दासोपंतांच्या पदांचे जुने पुस्तक किंवा वही असेल तर मंडळात आणून द्यावी, झेरॉक्स काढून त्याच दिवशी परत करू.